वाघदेवाला वळसा

करवंदवाडी, ता. इगतपुरी
३ जुलै २०२५

खंडूमामा,

पाया पडते. अक्षरावरून ओळखणार नाही म्हणून सांगते, मी सायखेड्याच्या सिंधुबाईची निकिता. तुमच्या चुलत बहिणीची धाकटी. दोन वर्षांपूर्वी सोमनाथदादाच्या लग्नात आपण शेजारी जेवायला बसलो होतो आणि तुम्ही पंगत उठेपर्यंत टेलिफोनच्या केबलच्या गोष्टी सांगत होतात. मी तेव्हा कान बंद ठेवून जिलेबी खाल्ली. त्याची शिक्षा आता भोगते आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये मला इथल्या माध्यमिक शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून नेमलं. फोनला रेंज हवी असेल तर वाघदेवाच्या टेकाडावर चढावं लागतं, आणि चढलं तरी आई म्हणते की तुम्हाला हल्ली फोनवर ऐकू येत नाही. तेव्हा पोस्टमनलाच चालवायचं ठरवलं.

नववीच्या पुस्तकात इंटरनेटवर दीड पान आहे. मी वर्गात विचारलं, "इंटरनेट कुठे असतं?" सगळी बोटं वर गेली. कुणी ढगात म्हणालं, कुणी उपग्रहावर. मी फळ्यावर उपग्रह काढायला घेतला, तर पहिल्या बाकावरची ललिता म्हणाली, "मॅडम, तुम्ही सोत्ता पाह्यलंय का?"

नाही पाहिलेलं, मामा. बीएस्सी झाले, बीएड झाले, रोज वापरते, पण ते कशातून येतं हे मी हाताने कधी धरलेलं नाही. शाळेत पाच कॉम्प्युटर आहेत, ते गेल्या ऑगस्टपासून कापडाखाली झाकून ठेवलेत, कारण गावाची लाइन बंद आहे. तुम्ही पस्तीस वर्षं खात्यात केबलचे जोड मारलेत. मुलांच्या हातात देता येईल असं काही पाठवाल का? आणि पंगतीतल्या त्या गोष्टी पुन्हा सांगाल का? या वेळी ऐकेन.

तुमची भाची
निकिता

*

इंदिरानगर, नाशिक
११ जुलै २०२५

चि. निकिताबाई मॅडम,

जिलेबी माझ्या चांगली लक्षात आहे. तू सहा खाल्ल्यास. अडला हरी म्हणतात ते तुझं झालं आहे. पण हे गाढव पाय धरायची वाट बघत बसलेलंच होतं, तेव्हा चिंता करू नकोस. घरात मला कुणी विचारत नाही. रोहित स्वतः लाइनच्या दुरुस्तीचं काम करतो, तरी बापाला विचारण्यापेक्षा मोबाइलमध्ये बघतो.

सोबत पुडक्यात दोन तुकडे आहेत. जाड, काळा तो तांब्याच्या केबलचा. त्यात रंगीत तारा दिसतील. त्यातून आवाज विजेच्या रूपात जायचा. दुसरा बारीक आहे तो काचेच्या केबलचा. त्याच्या आत केसासारखे धागे आहेत, ती काच आहे. मुलांना टोकाला बोट लावू देऊ नकोस, कूस शिरली तर निघत नाही. एका टोकाला टॉर्च लाव आणि दुसऱ्या टोकाला बघायला सांग, लहानसा ठिपका पेटलेला दिसेल. तोच ठिपका सेकंदात किती वेळा लागतो आणि विझतो यात तुमचं ते इंटरनेट आलं. ढगात काही नाही. उपग्रहावरून थोडं येतं, पण जगाचा बहुतेक सगळा कारभार जमिनीखालून आणि समुद्राच्या तळातून चालतो. तुमच्या गावात टॉवर असता तरी त्याच्या पायाशी अशीच काच येऊन थांबली असती.

फळ्यावर शिकवू नकोस. पोरांना बाहेर काढ. पंचायतीत भिंतीवर पेटी असेल तिथून सुरुवात कर, मग रस्त्याकडेचे मार्करचे दगड बघत फाट्यापर्यंत चाला. फाट्यावर सिमेंटचं चेंबर असेल, तिथे ही केबल तालुक्याकडून येणाऱ्या मोठ्या केबलला मिळते. पोरांना एवढं कळलं की पुरे, की याचं एक टोक आपल्या गावात आहे आणि दुसरं टोक जगात कुठेही आहे.

आमचे मुकादम एक गोष्ट घोकून घ्यायचे. जमिनीत आहे तसं कागदावर मांडा. केबल एकदा बुजवली की ती डोळ्यांना दिसत नाही, नंतर येणाऱ्या माणसाला फक्त कागद दिसतो. हेही शिकव.

खंडूमामा

*

करवंदवाडी
२ ऑगस्ट २०२५

खंडूमामा,

पुडकं मिळालं. तो पेटलेला ठिपका बघायला तेवीस मुलांची रांग लागली आणि बघून झालेली मुलं पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली. मुख्याध्यापकही दोनदा आले. मी पुस्तक मिटून ठेवलंय.

पण तुमच्या त्या दोन तुकड्यांनी भलतंच काही उघडलं. ललिताने तांब्याचा तुकडा हातात तोलला आणि म्हणाली, "हे भंगारवाला घेतो." मग काचेचा घेतला. बराच वेळ बघितला. म्हणाली, "मॅडम, हे कोण घेईल?" मी म्हटलं, कुणी नाही, याला भंगारात काही किंमत नाही. तर ती खाली बसली आणि रडायला लागली.

ललिता काळूबाबांची नात. काळूबाबा इथल्या पंचायतीचे शिपाई, साठी ओलांडलेला माणूस, बोलणं कमी. गेल्या वर्षी लाइन बंद पडली तेव्हा ठेकेदाराची माणसं मशीन घेऊन आली. मशीनने सांगितलं, फाट्यापासून तेराशे मीटरवर तुटली आहे. नकाशावर मोजून त्यांनी खणायला घेतलं ते नेमकं वाघदेवाच्या टेकाडाच्या पायथ्याशी. वाघदेव म्हणजे टेकाडावरचा शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेत. इथली माणसं त्याला फार मानतात. काळूबाबा तिथे जाऊन म्हणाले, "इथं खणू नका. इथं काय नाय." त्यांनी तरीही खणलं, आणि खरंच ना केबल ना पाइप. मग ते बाबांवर उलटले. "नाही हे तुला कसं ठाऊक? मग कुठंय?" बाबा गप्प राहिले. आजपर्यंत गप्पच आहेत.

ठेकेदाराने पोलिसात अर्ज दिला की जवळजवळ दोनशे मीटर केबल पाइपासकट चोरीला गेली आणि काळूवर संशय आहे. पंचायतीने बाबांना घरी बसवलंय. दिवाळीनंतरच्या मासिक सभेत त्यांना कायमचं काढायचा ठराव आहे. गावातले लोकही आता म्हणतात, चोर नसता तर बोलला असता.

काचेची केबल कोण चोरेल, मामा? तुमच्या खात्यात कधी असं झालं होतं का?

निकिता

*

इंदिरानगर
१३ ऑगस्ट २०२५

चि. निकिता,

पत्र दोनदा वाचलं. काचेची केबल चोरणारा वेडा मी पाहिला नाही. तांब्याची चोरायचे, पुष्कळ चोरायचे. काचेची तोडतात ती चुकून, नांगराने किंवा पोकलँडने.

त्या बाजूला माझं फारसं जाणं झालं नाही, त्यामुळे तिथलं नक्की सांगता येत नाही. पण मुलांना एक काम दे. केबलच्या कातडीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, फूटपट्टीवर असतो तसा. पंचायतीच्या पेटीत केबल शिरते तिथला आकडा वाचा. फाट्याच्या चेंबरमध्ये ती निघते तिथला वाचा. मध्ये जोड नाही, त्यामुळे आकडे सलग लागतील. मोठ्यातून लहान वजा करा. दोन्हीकडे वीस वीस मीटरचं वेटोळं जास्तीचं ठेवलेलं असतं, ते सोडून द्या. जे उरेल ती जमिनीतली खरी लांबी. मग ग्रामसेवकाकडून नकाशातली लांबी विचारून घ्या.

चेंबरमध्ये पाणी असेल. साप बघून मगच हात घाला.

काळूची तब्येत कशी आहे?

खंडूमामा

*

करवंदवाडी
६ सप्टेंबर २०२५

खंडूमामा,

इथला पाऊस तुम्हाला काय सांगू, तीन आठवडे चेंबरचं झाकणच दिसलं नाही. शेवटी परवा उघडीप मिळाली. मुलांनी डब्यांनी पाणी उपसलं. त्यात साप नव्हता, दोन खेकडे होते, ते मयूर घरी घेऊन गेला. कातडी पुसून आकडा वाचला. फाट्यावर ४१२, पंचायतीत २६०४. वेटोळी सोडून उरले २१५२ मीटर. ग्रामसेवकांनी नकाशा बघून सांगितलं, १९८०.

सगळ्यांनी दोनदा वजाबाकी केली. मला वाटलं, कुठेतरी चुकतंय. ललिता नुसती फळ्याकडे बघत होती. मग उठली आणि म्हणाली, "मॅडम, दोरी लांब नि वाट आखूड. म्हंजी दोरी कुठंतरी वळलीय." तिने फळ्यावर सरळ रेघ काढली, मध्ये टेकाड काढलं, आणि रेघेचा मधला भाग पुसून टेकाडाला वळसा घातला. केबल चोरीला गेलेली नाही, मामा. ती कागदावर आहे तिथे नाहीच.

मी तशीच काळूबाबांकडे गेले. ते अंगणात रानभाजी निवडत होते. मी म्हटलं, बाबा, लाइन वाघदेवाला वळसा घालून गेलीय, तुम्हाला माहीत होतं. ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "पोरीनं मोजून काढलं ना? मंग बरं. मी नाय बोलायचा. मी देवाव हात ठेवलाय."

मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणाले, "दोन हात होते. एक माहा. दुसरा ज्याचा, तो जिता आसंल तं त्यानं येऊन सोडवावं. नाव बी नाय सांगायचा."

मी ग्रामसेवकांना फळ्यावरचं गणित सांगितलं. ते म्हणाले, मुलांच्या वजाबाकीवर पोलिसातला अर्ज मागे येत नाही, आणि पावसात कुणी खणायला येणार नाही. काम २०१८ साली झालंय. तेव्हाचा सुपरवायझर किंवा इंजिनियर, ज्याने लाइन वळवली आणि कागदावर सरळ दाखवली, तो माणूस हवा. खात्यातल्या जुन्या लोकांशी तुमची ओळख आहे, रोहितदादाही त्याच कामात आहे. तो कोण होता एवढं शोधून द्या. मी स्वतः त्याच्या दारात जाऊन उभी राहीन. एका म्हाताऱ्याने त्याच्यासाठी वर्षभर चोर म्हणवून घेतलंय, हे त्याला माहीत तरी असेल का?

बाबांची तब्येत विचारलीत म्हणून सांगते. बरी आहे, पण जेवण कमी झालंय असं ललिता म्हणते.

निकिता

*

इंदिरानगर
१६ सप्टेंबर २०२५

चि. निकिता,

गुडघा धरला आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. सात वर्षांपूर्वीची माणसं आता कुठे कुठे पांगली. शोधणं अवघड आहे. रोहितला यात घेऊ नकोस, तो त्याच ठेकेदाराकडे काम करतो.

तू नवीन आहेस. शिकवायला गेली आहेस ते शिकव. पोलीस, पंचायत, ठेकेदार यांच्यात बाईमाणसाने एकटीने पडू नये. मुलांनी वजाबाकी केली हे उत्तम झालं. समुद्राखालच्या केबलींचा नकाशा मिळाला तर पाठवतो.

खंडूमामा

*

करवंदवाडी
२७ सप्टेंबर २०२५

मामा,

काल ग्रामसेवकांच्या कपाटातला मूळ नकाशा मी स्वतः पाहिला. मला फक्त लांबीच्या आकड्याची खात्री करायची होती. खाली उजव्या कोपऱ्यात सुपरवायझरची सही आहे. नाव खाली छापलेलं नाही, त्यामुळे आजवर कुणी विचारलं नसावं.

त्या सहीतल्या "ख"ला लांब शेपूट आहे. तुमची तीन पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. ती काढून मी शेजारी ठेवून पाहिली.

मग ऑगस्टमधलं पत्र पुन्हा वाचलं. "त्या बाजूला माझं फारसं जाणं झालं नाही" असं तुम्ही लिहिलंत, आणि खाली चार ओळींवर "मध्ये जोड नाही" असंही लिहिलंत. न आलेल्या माणसाला ते कसं कळलं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. काळूबाबांची तब्येत तुम्ही विचारलीत, तेव्हाही मला वाटलं तुम्ही किती मायाळू आहात.

मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. ललितालाही नाही. ती रोज विचारते, "मॅडम, तुमच्या मामांनी तो माणूस शोधला का?" मी काय सांगू?

निकिता

*

इंदिरानगर
४ ऑक्टोबर २०२५

निकिता,

काल सगळं रोहितला सांगितलं. आज तुला लिहितो आहे. सात वर्षांत हे कुणाशी बोललो नव्हतो.

मी रिटायर झालो आणि सहा महिन्यांत घरात बसून कंटाळलो. तेव्हा त्या ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलो. २०१८च्या जानेवारीत करवंदवाडीची लाइन आली. नकाशा वरून मंजूर होऊन यायचा, टेबलावर बसून आखलेला, रूळ लावून मारलेली सरळ रेघ. पोकलँड टेकाडापाशी आलं आणि समोर काळू उभा राहिला. ओरडला नाही, भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सायेब, इथून नाय. देव हाय. वळवा."

मार्ग बदलायचा तर तालुक्याला, जिल्ह्याला कागद, दोन महिने गेले असते. टेकाड फोडायचं माझ्या मनात आलं नाही, हे मात्र खरं आहे, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू दे. मी केबल वळवली. मीच उभं राहून पाइप टाकून घेतला. पण कागदावर ती सरळच ठेवली, आणि मार्करचे दगडही नकाशाबरहुकूम सरळ रेषेत लावले. तपासायला येणारा दगड मोजतो, जमीन उकरत नाही.

काळू शिकलेला नाही, पण त्याने विचारलं, "कागदाव बी वळवली का?" मी म्हणालो, नंतर वळवतो, तोवर कुणाला बोलू नकोस, माझी नोकरी जाईल. तो म्हणाला, "मंग देवाव हात ठेवा." दोघांनी ठेवला. त्याने शब्द दिला की गप्प राहीन. मी दिला की कागद दुरुस्त करीन, आणि दर वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या वसुबारशीला, इथे नारळ घेऊन येईन. दुपारी त्याच्या घरी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं. त्याची चव अजून आठवते.

काम संपलं, फाइल बंद झाली. पहिल्या वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. दुसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली. नंतर मी ते गाव मनातून काढून टाकलं, आणि तुझ्या पहिल्या पत्रावर करवंदवाडी हे नाव वाचून माझे हात थांबले. लाइन बंद आहे एवढंच तेव्हा कळलं होतं. काळूचं ऑगस्टमध्ये कळलं. त्या दिवशीच मी गाडीत बसायला हवं होतं. त्याऐवजी तुला आकडे वाचायला सांगितलं. वाटलं, पोरं मोजतील, खरं बाहेर येईल आणि माझं नाव कुठे यायला नको. तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं म्हणून तेवीस पोरांच्या वजाबाकीमागे लपलो. आणि तू माणूस शोधायला सांगितलास तेव्हा गुडघ्यामागे लपलो. गुडघ्याला काही झालेलं नाही.

त्या ठेकेदाराच्या माणसांनीही माझ्याच कागदावर विश्वास ठेवला. मशीन मोजतं ते काचेतून, त्यांनी मोजलं कागदावरून. केबलवरून तेराशे मीटर म्हणजे टेकाडाची मागची बाजू, नाचणीच्या खाचराचा बांध. तिथेच तुटली असणार.

रोहित ऐकून घेऊन उठून गेला. आज सकाळी म्हणाला, "कधी जायचं ते सांगा, मी गाडी काढतो. जोडायचं मशीन माझ्याकडे आहे." त्याचं काय होईल ते त्यालाही कळतं आणि मलाही.

१७ तारखेला वाघबारस आहे. गाव टेकाडावर जमेल. जिथे हात ठेवला तिथेच तो उचलायला हवा, ग्रामसेवकाच्या टेबलावर नाही. पण काळूची इच्छा नसेल तर येणार नाही, लेखी जबाब पोलिसात देईन. तू त्याला विचार. ललितालाही सांग, मामांनी माणूस शोधला.

खंडेराव

*

करवंदवाडी
१० ऑक्टोबर २०२५

मामा,

विचारलं. तुमचं नाव सांगितलं तेव्हा काळूबाबा हातातली दोरी वळत राहिले. मग म्हणाले, "येऊ दे. वाट त्यालाच ठावं हाय."

ललिताला सांगितलं. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, नाही.

नारळ आणा. एक नको, आठ आणा.

निकिता

*

सायखेडा
२५ ऑक्टोबर २०२५

खंडूमामा,

दिवाळीला घरी आले आहे. आईने तुमच्यासाठी अनारसे बांधून ठेवलेत. इथे रेंज भरपूर आहे, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि जे सांगायचं आहे ते लिहूनच सांगण्यासारखं आहे.

आधी तुम्ही टेकाडावरून उतरल्यावरचं सांगते. रोहितदादाने बांधाखाली दबलेला पाइप कापून काच जोडली, तेव्हा तुम्ही गाडीत जाऊन बसला होतात. पंचायतीच्या पेटीत हिरवा दिवा लागला आणि ललिताने सगळ्यांना दोन पावलं मागे सरकवून काळूबाबांना पुढे ढकललं. ते दिव्याकडे बघून म्हणाले, "एवढाच?" मुलं अजून तेच म्हणत हसतात. पोलिसातला अर्ज ठेकेदाराने मागे घेतला, त्याची प्रत ग्रामसेवकांनी मला दाखवली. बाबा सोमवारपासून पंचायतीत जाणार आहेत. मुलांचा नवा नकाशा, वळशासकट, वाघदेवाच्या खुणेसकट आणि खाली तुमच्या सहीसकट, जुन्याच्या जागी लागला आहे.

रोहितदादाला ठेकेदाराने कामावरून कमी केल्याचं आईकडून कळलं. त्याबद्दल मला फार वाईट वाटतंय. मी पत्र लिहिलं नसतं तर, असं परवा आईजवळ बोलले. ती म्हणाली, "मग काळूबाबा?"

आता जे सांगायला बसले ते.

टेकाडावर तुम्ही दगडावर हात ठेवून सगळ्या गावासमोर बोललात. लाइन मी वळवली, कागद मी खोटा केला, काळूला मी बांधून ठेवलं, तो चोर नाही. तुमचा आवाज मोठा आहे, खालच्या खाचरापर्यंत गेला असेल. मग काळूबाबांनी तुमच्या शेजारी हात ठेवला आणि हळू आवाजात काही बोलले. तुम्ही हसून मान हलवलीत, दोन-तीनदा "हो हो" म्हणालात. सगळ्यांना वाटलं, दोन म्हातारे एकमेकांना भेटले. गावकऱ्यांनी नारळ फोडले आणि बाबांचं ते बोलणं तिथेच राहून गेलं.

तुम्हाला त्यातलं काही ऐकू आलं नाही, हे मला माहीत आहे. पंगतीतही तुम्ही असंच करता. मी अगदी जवळ उभी होते. हे तुम्हाला सांगावं का, यावर मी चार दिवस घालवले. तुम्ही खूश होऊन गेलात, तसंच राहू द्यावं असंही वाटलं. पण जमिनीत आहे तसं कागदावर मांडायचं, हे तुमच्या मुकादमांचं वाक्य मी आता दर सोमवारी फळ्यावर लिहिते. तेव्हा बाबा जे बोलले ते जसंच्या तसं देते.

ते म्हणाले, "मी गप बसलो तो देवासाठी. तुह्यासाठी नाय. तुह्यासाठी मी पाच बारशी भाकरी जास्तीची टाकायला लावली. मंग म्हटलं, मेला आसंल. मेल्या माणसाला दिलेला शबूद परत घेता येत नाय, म्हनून चोर झालो. तू जिता हाय हे लय उशिरा कळलं. माहा राग अजून गेला नाय, सायेब. तो जायला टाइम लागंल. पुढल्या बारशीला येशील?"

तुम्ही "हो हो" म्हणालात.

ते पुन्हा म्हणाले, "दर बारशीला? राग जाईपतोर?"

तुम्ही हसलात आणि पुन्हा "हो हो" म्हणालात. तुमचा हात तेव्हा दगडावर होता, मामा. मी पाहिलाय.

तुमची
निकिता